सव्वाचारशे पुस्तके आणि अण्णांचे ‘वा!’

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. घरात सव्वाचारशेच्या आसपास पुस्तके आहेत. त्यातली निम्मी वडिलांची, म्हणजे अण्णांची. ते गेल्यावर माझ्याकडे आली. बाकीची मी घेतलेली, भेट आलेली, कुणी कुणी ठेवून गेलेली. कादंबऱ्या, चरित्रे, इतिहास, कविता, खगोलशास्त्र, बागकाम, दोन शब्दकोश, अशी सगळी सरमिसळ आहे आणि बरीचशी न वाचलेली. पहिल्या कप्प्यापासून सुरुवात करून ओळीने सगळी वाचायची आणि प्रत्येकावर आपले मत लिहून तीन-चार मैत्रिणींना पाठवायचे, असे ठरवले. सुरुवातीला हुरूप होता, आता अडले आहे. एका जाडजूड इतिहासाच्या पुस्तकाने दोन महिने वाट अडवली आहे. लिहिलेली मते परत वाचली तर सगळी एकाच साच्यातली वाटतात: भाषा ओघवती, विषय वेगळा, जरूर वाचावे. त्यातच अण्णांची एक अत्यंत आवडती कादंबरी वाचली. समासात त्यांनी पेन्सिलीने ठिकठिकाणी ‘वा!’ लिहिले आहे. मला मात्र वाचताना राग येत गेला, कारण तिच्यातल्या बायका नुसत्या रडायला आणि माफ करायला आहेत. हे लिहायला हात धजत नाही. एका मैत्रिणीचा कवितासंग्रहही रांगेत आहे. मी तो एकदा वाचला, फारसा आवडला नाही. वाचून झालेली पुस्तके ठेवावीत की देऊन टाकावीत, तेही ठरत नाही. आणि मुळात मी काही समीक्षक नाही, मग माझ्या मताला काय किंमत?

– एक वाचक

उत्तर

स. न.

किमतीचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारला आहे, पण बाकीच्या बहुतेक अडचणी मला त्यातूनच निघालेल्या दिसतात. म्हणून आधी तोच घेते.

समीक्षकाला त्या पुस्तकाच्या आधीची आणि भोवतालची पुस्तके माहीत असावी लागतात. हे पुस्तक त्यांच्यात कुठे बसते, हे त्याने सांगायचे असते. तुमच्या मैत्रिणींनी तुमच्याकडे ते मागितलेले नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीचा विचार सोडा आणि साक्षीदार म्हणून उभ्या राहा. साक्षीदाराला कायद्याची पदवी लागत नाही. तो त्या ठिकाणी हजर होता का, त्याने काय पाहिले आणि ते तो सरळ सांगतो आहे का, एवढेच बघितले जाते. पुस्तक वाचताना तुम्ही हजर होतात. कुठल्या पानावर वेळेचे भान गेले, कुठे तीन पाने न वाचताच उलटली, कुठे राग आला, हे तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, फोटियस नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. तिथल्या चर्चचा तो प्रमुख धर्मगुरूही होता. आपण नसताना कोणकोणती पुस्तके वाचली गेली ते लिहून कळव, असे त्याच्या भावाने त्याला सांगितले, आणि फोटियसने सुमारे २८० पुस्तकांवर टिपणे लिहिली. काही दोन-तीन ओळींची आहेत, काही पानेच्या पाने चालतात. इतिहास, वैद्यक, धर्मचर्चा, भाषणे, प्रेमकथा, सगळे त्यात येते, तुमच्या कपाटासारखेच. त्यातली निम्म्याच्या आसपास पुस्तके आज एकतर पूर्ण नाहीशी झाली आहेत किंवा तुकड्यातुकड्यांत उरली आहेत. कितीतरींची ओळख आपल्याला या टिपणांमुळेच आहे. मला त्याची रीत फार आवडते. पुस्तक कुणाचे, आत काय आहे, भाषा कशी आहे, हे तो साधेपणाने सांगतो. ज्यांची मते त्याला मुळीच मान्य नव्हती अशा लेखकांच्याही शैलीत चांगले काही दिसले तर तेही नोंदवतो. भावाला कळावे म्हणून लिहिलेले लेखन असे असते. तुम्हीही मैत्रिणींना कळावे म्हणूनच लिहिता आहात.

आता थोडे गणित. महिन्याला तीन पुस्तके, म्हणजे वर्षाला छत्तीस, या वेगाने सव्वाचारशे पुस्तकांना जवळजवळ बारा वर्षे लागतील. हे घाबरवायला सांगत नाही. बारा वर्षे चालणारी गोष्ट शिक्षा म्हणून चालत नाही, एवढेच लक्षात घ्या. कप्प्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाण्याचा नेम आजच मोडा. कपाटातला क्रम बहुधा आकाराप्रमाणे किंवा जागा होती तसा लागलेला असतो. त्याला वाचनाचा क्रम मानायचे काही कारण नाही. एका वेळी तीन पुस्तके चालू ठेवा. एक असे की ज्याला ताजे डोके आणि टेबल लागते, दुसरे दिवस संपताना ओढीने हातात घ्यावेसे वाटणारे, आणि तिसरे पाच-दहा मिनिटांत एखादा तुकडा वाचून बाजूला ठेवता येईल असे, कवितांचे किंवा लघुनिबंधांचे. एक संपले की त्या जागी त्याच जातीचे दुसरे. एकाच प्रकारची चार पुस्तके पाठोपाठ वाचली की चौथ्यावर अन्याय होतो. तीन चरित्रांनंतर चौथ्या चरित्रनायकाचे बालपण वाचायला कुणालाही जिवावर येते, आणि त्यात त्या लेखकाची चूक नसते.

त्या इतिहासाच्या पुस्तकाला दोन महिने दिलेत, पुष्कळ झाले. मात्र बाजूला ठेवण्याआधी एक दुपार त्याला वेगळ्या तऱ्हेने द्या. पहिल्या पानापासून वाचणे थांबवा. प्रस्तावनेत लेखकाने काय करायचे म्हटले आहे ते बघा. मग शेवटची सूची उघडा आणि तुम्हाला आधीपासून थोडीफार माहिती आहे असा एखादा प्रसंग किंवा माणूस शोधून तेवढीच पाने वाचा. ओळखीच्या जागी लेखक कसा वागतो ते चटकन दिसते. कशाच्या आधारावर बोलतो ते सांगतो का, जिथे पुरावा तोकडा आहे तिथे ‘असावे’, ‘दिसते’ म्हणतो का, की सगळीकडे सारख्याच ठामपणे बोलतो? ती पाने आवडली तर तिथून मागे-पुढे सरकत जा. नाही आवडली तर पुस्तक मिटा आणि टिपण लिहा. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकावर मत लिहायला काहीच हरकत नाही, फक्त कुठल्या पानावर सोडले आणि का सोडले हे पहिल्याच ओळीत सांगायचे. ‘पान १४० पर्यंत वाचले, लढायांची वर्णने एकामागून एक येतात आणि माणसे लक्षात राहत नाहीत’ हे प्रामाणिक मत आहे. रेटून संपवून वैतागाने लिहिलेल्या दोन पानांपेक्षा ते जास्त उपयोगी पडते. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन हा तर मोठा वाचणारा, पण एखाद्या पुस्तकाचा कंटाळा आला की दुसरे घेतो, असे त्याने सरळ लिहून ठेवले आहे. त्याची आणखी एक सवय तुम्ही उचलावी असे मला वाटते. त्याची स्मरणशक्ती कच्ची होती. कधीकाळी बारकाईने वाचून खुणा केलेले पुस्तक तो कोरे समजून पुन्हा हातात घेई. म्हणून त्याने पुस्तकाच्या शेवटी ते कधी वाचून संपवले आणि एकंदर काय वाटले, हे लिहायला सुरुवात केली. तारीख आणि मत शेजारी शेजारी. तुमच्या टिपणांवरही तारीख टाकत जा. दहा वर्षांनी मत बदलले तर जुने खोडू नका, खाली नवे लिहा.

मते एकसारखी होतात त्याचे काय, याकडे येते. ‘ओघवती’ हा शब्द तुमच्या टिपणात आला की थांबा आणि ज्या वाक्यामुळे तो सुचला ते वाक्य पुस्तकात शोधा. सापडले तर ते वाक्यच उतरवून काढा आणि विशेषण खोडा. सापडले नाही तर विशेषण नुसते सवयीने आले होते, तेही खोडाच. ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ यांनाही हाच नियम लावा. पहिले काही दिवस टिपणे आखूड होतील, होऊ देत.

समजा, बागकामाच्या पुस्तकावर तुम्ही लिहिले आहे: ‘विषय वेगळा, भाषा सोपी, छायाचित्रे सुंदर. बागप्रेमींनी जरूर वाचावे.’ यावरून तुमच्या मैत्रिणीला काय कळेल? बागेवर पुस्तक आहे, बस. तेच असे लिहून पाहा:

‘ज्यांच्याकडे फक्त एक खिडकी आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक, असे लेखक सुरुवातीला म्हणतो. पहिली चार प्रकरणे खरोखर तशी आहेत. कुंडीच्या तळाला भोक का हवे, मातीत बोट खुपसून पाण्याची वेळ कशी ओळखायची, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे वाचले नव्हते. पाचव्या प्रकरणापासून मात्र तो अंगणात उतरतो आणि खिडकीवाल्यांना विसरतो. छाटणीचे प्रकरण दोनदा वाचले, तरी कात्री फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर लावायची की खाली, ते समजले नाही. तिथे चित्र हवे होते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिली सत्तर पाने वाचावीत, पुढची सोडली तरी चालेल.’

यात विद्वत्तेचे काही नाही. पण लेखकाने काय कबूल केले होते, ते कुठवर पाळले, कुठल्या जागी तुम्ही अडलात आणि हे पुस्तक कुणाच्या हाती पडावे, हे सगळे त्यात आले. शिवाय, जिच्या घरी अंगण आहे त्या मैत्रिणीला तुमच्या तक्रारीतूनच कळेल की उत्तरार्ध तिच्यासाठी आहे. कारण सांगून केलेली तक्रार दुसऱ्या वाचकाला शिफारस ठरू शकते. नुसत्या ‘आवडले नाही’मधून तिच्या हाती काही लागत नाही. तुम्हाला नावडलेल्या पुस्तकांवरची टिपणेही मैत्रिणींना पाठवा, असे मी त्यासाठीच म्हणते.

लिहिताना पुस्तक समोर उघडे ठेवू नका. वाचून झाले की एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी ते मिटलेले ठेवून आठवेल तेवढे लिहा. जे आठवते ते का आठवले, यातच निम्मे मत असते. वाचलेले लक्षात राहण्यालाही याची मदत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तितका लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुमचे टिपण म्हणजे न बघता लिहून काढणेच आहे. लिहून झाले की मग पुस्तक उघडा, नावे आणि पानांचे आकडे तपासा, एखादे वाक्य उतरवून घ्या. कादंबरीची गोष्ट सांगताना पहिल्या काही प्रकरणांपलीकडे जाऊ नका. पुढचे कळण्याचा हक्क वाचणारीचा आहे.

सरमिसळ संग्रह असल्याने सगळ्यांना एकच माप लावून चालणार नाही. शब्दकोश कुणी सलग वाचत नाही, तरी त्यावर मत देता येते. रोजच्या वापरातले एखादे साधे क्रियापद घ्या, ‘लागणे’ म्हणा, आणि दोन्ही कोशांत काढून बघा. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, वेड लागते. यातले किती अर्थ कुठल्या कोशात वेगळे करून दिले आहेत आणि वाक्यात वापरून दाखवले आहेत? अशा पाच शब्दांत कोशाची पारख होते. अवघड शब्द सगळेच कोश देतात, सोप्या शब्दांपाशी त्यांचा कस लागतो.

विज्ञानाच्या पुस्तकाची पहिली गोष्ट बघायची ती प्रकाशनाचे साल आणि आवृत्ती. अण्णांच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात नऊ ग्रह असतील तर त्यात लेखकाचा दोष नाही. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली काढले. जीवशास्त्राच्या जुन्या पुस्तकात माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे छापलेले आढळेल. ती ४६ आहेत हे १९५६ साली दाखवले गेले. काळाची चूक आणि लेखकाची चूक वेगळी नोंदवा. आणि हे पुस्तक आज माहितीसाठी घ्यावे की समजावून सांगण्याच्या हातोटीसाठी वाचावे, हेही लिहा. जुन्या विज्ञानपुस्तकांत कितीदा असे होते की आकडे शिळे झालेले असतात, पण एखादी कल्पना उलगडण्याची पद्धत अजून कुणी सुधारलेली नसते. अशी पुस्तके मला टाकवत नाहीत.

आत्मचरित्रात काय सांगितले आहे याबरोबर काय वगळले आहे तेही बघत जा. भावंडे तिसऱ्या प्रकरणानंतर दिसेनाशी झाली का? पैसे कुठून येत होते? अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव टिपणात आलेच पाहिजे. मूळ भाषा येत नसली तरी समोरची मराठी मोकळी आहे की अवघडलेली, हे तुम्हाला ऐकू येतेच.

आता अण्णांची कादंबरी. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

सगळ्यात आधी एक काम करा. त्यांनी जिथे जिथे ‘वा!’ लिहिले आहे, ती वाक्ये पानाच्या आकड्यासकट एका कागदावर एकाखाली एक उतरवा आणि कादंबरी मिटून तेवढीच वाचा. माझा अंदाज असा की बायकांच्या रडण्यापाशी सगळे ‘वा!’ नसतील. एखादे पावसाच्या वर्णनापाशी असेल, एखादे खटकेबाज संवादापाशी, एखादे प्रकरणाच्या शेवटच्या ओळीपाशी. कदाचित अण्णा कथेला दाद देत नव्हते, वाक्याला देत होते. काही खुणा नेमक्या त्या माफ करणाऱ्या बायकांपाशीच निघतील, तेव्हा त्याही लपवू नका. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली असेल तर त्या वेळी त्यांचे वय काय होते, तेही काढा. पंचविशीतल्या माणसाने दिलेली दाद तुम्ही साठीच्या आसपास वाचता आहात. या दोन वाचकांचे पटलेच पाहिजे असे कुणी ठरवले?

मग तुमच्या रागाकडे या. राग हा पुरावा आहे, पण तेवढाच पुरेसा नाही. तो कशाने आला ते शोधायला हवे. बायका रडतात असे जग लेखक दाखवतो आहे, की त्याला बायकांसाठी दुसरे कामच सुचलेले नाही? फरक मोठा आहे आणि तो तपासता येतो. माफ करण्याचा एखादा प्रसंग घ्या. माफ करणाऱ्या बाईला त्याची काही किंमत मोजावी लागते का? त्यानंतर तिच्या वागण्यात काही बदलते, की पुढच्या प्रकरणात ती जिथल्या तिथे असते? तिने माफ केले नसते तर कुणाची पंचाईत झाली असती, नायकाची की लेखकाची? कुठल्याही पुरुषाचा विषय नसलेले एखादे तरी पान तिच्या वाट्याला आले आहे का? या प्रश्नांची उत्तरे घेऊन बसलात की ‘मला राग आला’ याच्या जागी ‘पान २१७ वरच्या प्रसंगात अमुक झाले, म्हणून राग आला’ असे लिहिता येईल. त्यावर मैत्रिणीला वाद घालता येतो, आणि वाद घालता येण्यासारखे मत तिच्या जास्त उपयोगाचे असते.

‘त्या काळी असेच होते’ या वाक्याच्या आडोशाला जाऊ नका. कादंबरी कुठल्या साली लिहिली हे जरूर सांगा, पण त्याही काळात असे लेखन वाचून अस्वस्थ होणाऱ्या वाचक होत्या. त्यांची मते छापली गेली नाहीत म्हणून त्यांना ती नव्हती असे होत नाही. कदाचित तुमच्या घरातच कुणी होती.

अण्णांचा मान राहील का, ही तुमची खरी भीती आहे. समासात लिहिणारा माणूस पुस्तकाशी बोलत असतो, आणि ते बोलणे पुढच्या वाचकाच्या नजरेला पडणार हे त्याला ठाऊक असते. कोलरिज या इंग्रज कवीला मित्र पुस्तके वाचायला देत. ती परत येताना समासातल्या टिपणांनी श्रीमंत होऊन येतात, असे त्याचा मित्र चार्ल्स लॅम्ब याने लिहून ठेवले आहे. त्या ‘वा!’खाली जागा उरली आहे. तिथे तुमचे लिहा, तारखेसह. तुमच्या टिपणातही दोन्ही येऊ द्या: ‘इथे अण्णांनी वा! लिहिले आहे. मी इथे थांबले, आणि मला हे पटले नाही.’ मैत्रिणींना पाठवायच्या मतात वडिलांची दाद आणि मुलीची हरकत शेजारी शेजारी आली, तर अण्णाही त्या चर्चेत एक वाचक म्हणून हजर राहतात. त्यांच्या आवडत्या पुस्तकाबद्दल तुम्ही गप्प राहिलात, तर ते तेवढे बाहेर राहतील.

लिहायचे ते मऊ पेन्सिलीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बरीच पुस्तके लाकडाच्या लगद्याच्या आम्लयुक्त कागदावर छापली गेली. तो कागद वर्षे जातील तसा पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. दुमडलेला कोपरा हातात येतो. बॉलपेन, चिकटपट्टी, टाचणी, धातूची क्लिप यातले काही त्याला लावू नका. पुस्तकात लिहायला मन घेत नसेल तर पातळ साध्या कागदाची चिठ्ठी त्या पानात ठेवली तरी चालेल.

मैत्रिणीच्या कवितांबद्दल आधी एक शंका विचारते: तो संग्रह तुम्ही एका बैठकीत वाचलात का? संग्रहातल्या कविता बहुधा अनेक वर्षांत लिहिलेल्या असतात. एका संध्याकाळी साठ कविता वाचल्या तर विसाव्या कवितेपासून पुढे सगळ्या एकमेकींत मिसळतात. रोज दोन-तीन, मोठ्याने, असे महिनाभर वाचून बघा. ज्या कवितेपाशी आपोआप पुन्हा यावेसे वाटले तिच्यावर खूण करा. एक-दोन जरी अशा निघाल्या तरी टिपण फक्त त्यांच्यावर लिहा, आणि ‘कवयित्री माझी मैत्रीण आहे’ हे पहिल्या ओळीत सांगून टाका. तेवढ्याने तुमच्या मैत्रिणी तुमचे मत योग्य त्या अंतरावरून वाचतील. इतरांना पाठवण्याआधी ते तिला दाखवा. तिने तोंडावर विचारलेच, की बाकीच्यांचे काय, तर एका कवितेचे नाव घेऊन काय साधले नाही ते सांगा. सबंध संग्रहावर शेरा मारू नका. आणि महिनाभरानेही एकही कविता जवळची वाटली नाही, तर लिहू नका. प्रत्येक पुस्तकावर टिपण हवेच असा नियम तुमचा तुम्हीच केला आहे, तो तुम्हालाच मोडता येतो. खोटी स्तुती मात्र नको. भिडेखातर एकदा ‘अप्रतिम’ लिहिलेत की पुढे एखाद्या खरोखर अप्रतिम पुस्तकासाठी मैत्रिणींना जीव तोडून सांगाल, तेव्हा त्यांना दोन्हींतला फरक कळणार नाही.

ठेवायचे काय आणि द्यायचे काय, याला फार वेळ घालवू नका. टिपण लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, हे मी पुन्हा उघडेन का, किंवा कधी संदर्भाला लागेल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुस्तक जाऊ द्या. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यातली दोन. तुमच्या टिपणात ‘हे कुणी वाचावे’ ही ओळ असेल तर पुस्तक कुणाला द्यायचे हे बहुतेक वेळा त्याच ओळीत लिहिलेले असेल. देताना टिपणाची प्रत आत घाला. आणि अण्णांचे कुठलेही पुस्तक घराबाहेर जाण्याआधी पान न् पान चाळा. जुन्या पुस्तकांत पत्रे, पावत्या, फोटो निघतात, आणि समासातली एखादी ओळ अशी निघते की पुस्तक द्यायचा विचार बदलतो. न वाचलेल्या पुस्तकांचे ओझे वाटून घेऊ नका. ती कपाटात आहेत म्हणजे तुमची उत्सुकता कुठे कुठे जात होती याची नोंद आहे. काहींची वेळ यायची आहे, काहींची येऊन गेली. ती पहिल्या दहा पानांत कळते.

इतिहासाचे पुस्तक या आठवड्यात मिटा, त्याची तीन ओळींची नोंद लिहा आणि कादंबरीवरच्या टिपणाला बसा. झाले की मलाही पाठवा, अण्णांच्या ‘वा!’च्या वाक्यांसकट. तुमचे मत पटले नाही, तर तसे पानाच्या आकड्यासह कळवीन.